हात थांबले की जोडी जमली

“काय गं, ही दोघं लग्न करणार आहेत की मोर्चा काढणार आहेत?”

माझ्या पहिल्या कादंबरीतल्या पहिल्या जोडीवर पगारेबाईंनी दिलेला हा अभिप्राय. पगारेबाई निवृत्त शिक्षिका. त्यांच्याबरोबर आणखी चारजण बसले होते, ते सगळे हसले. मी नाही हसले. माझा नायक सातपूरच्या कारखान्यात युनियनचं काम करत होता, नायिका घरकामगार बायकांची संघटना बांधत होती, आणि पहिल्याच भेटीत दोघं किमान वेतनावर बोलले होते. यात हसण्यासारखं काय आहे, हे मला तेव्हा खरोखरच कळलं नव्हतं.

या अंकाचे संपादक म्हणाले, तुमच्या कामातले अनुभव लिहा. तर आधी काम सांगते. इंदिरानगरमध्ये एका पिठाच्या गिरणीच्या वर आमचं दोन खोल्यांचं प्रकाशन आहे. खिशात मावतील अशा कादंबऱ्या आम्ही काढतो. एक मालिका निव्वळ प्रेमाची. दुसरी प्रेम-रहस्याची, म्हणजे जिच्यात दोघं प्रेमात पडेपर्यंत तिसरं कुणीतरी गायब झालेलं असतं. वाचनालयं, एसटी स्टँडवरचे स्टॉल आणि आता मोबाइल, इथे आमचे वाचक. मी हस्तलिखितं तपासते, मुद्रितं, म्हणजे प्रूफं, वाचते आणि वर्षाला एखादी कादंबरी स्वतः लिहिते. शिकलीसवरलेली माणसं या पुस्तकांना टाइमपास म्हणतात. म्हणू देत. घरात भिंतभर ग्रंथ असणारे एक गृहस्थ आमची कादंबरी वर्तमानपत्रात गुंडाळून नेतात, हे मी दर महिन्याला बघते.

इथे येण्याआधी मी पत्रकं लिहायची. जातीबाहेर लग्न करणाऱ्या मुलामुलींना मदत करणारी आमची एक छोटी संघटना आहे, तिची पत्रकं. कॉलेजात असल्यापासून. पत्रकाचं शास्त्र सोपं असतं. पहिल्या ओळीत अन्याय, दुसऱ्या ओळीत गुन्हेगार, शेवटी मागणी आणि सभेची वेळ. वाचणारा चालता चालता वाचतो, त्यामुळे त्याला विचार करायला जागा ठेवायची नसते. मला वाटलं होतं, कादंबरी म्हणजे लांब पत्रक.

आमच्या प्रकाशकांना सगळे भाऊ म्हणतात. वय सत्तरीच्या आसपास, आवाज बारीक, मत ठाम. त्यांनी एक पद्धत घालून दिली आहे, जी मी दुसऱ्या कुठल्याही प्रकाशनात ऐकलेली नाही. दर गुरुवारी दुपारी पाच नेहमीचे वाचक कार्यालयात येतात. येताना हातातलं काम घेऊन यायचं, ही अट. कुणी लसूण सोलतं, कुणी शेंगा फोडतं, पगारेबाई वाल निवडतात. पार्लर चालवणारी कल्पना मेथीची जुडी घेऊन येते. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले निकमकाका मटार सोलतात आणि अर्धे खातात. लेखकाने समोर बसून आपली पहिली पाच प्रकरणं वाचायची. पुढची वाचायची नाहीत, कारण हे लोक शेवट गावभर करतात.

भाऊ कोपऱ्यात बसतात. त्यांचं गोष्टीकडे लक्ष नसतं, हातांकडे असतं. जिथे पाचही जणांचे हात थांबले तिथे ते हस्तलिखिताच्या समासात पेन्सिलीने बारीक टिंब देतात. “तोंडदेखलं छान-छान कुणीही म्हणतं,” ते सांगतात, “लसूण सोलायचा राहिला तर खरं.” पाच प्रकरणांत सहा-सात टिंबं पडली की जोडी जमली.

माझ्या पहिल्या कादंबरीला एकही टिंब पडलं नाही. त्या दुपारी निकमकाकांनी दोन किलो मटार संपवला.

जाताना पगारेबाईंनी मला जिन्यात गाठलं. मी नायकाचं आडनाव गांगुर्डे ठेवलं होतं, आमच्या वस्तीतलं, मुद्दाम. या कादंबऱ्यांतल्या नायकाचं आडनाव ऐकलं की डोळ्यांसमोर घोडा, तलवार आणि शंभर एकर उभं राहायचं, आणि त्या गोष्टीची मला मनस्वी चीड होती. पगारेबाई म्हणाल्या, “आपल्यातला हिरो केलास, लई बरं वाटलं. पण बाई, आता त्याला जरा माणूस कर. सारखा शहाण्यासारखा काय बोलतोय!”

हे वाक्य मला लागलं. पण त्याहून जास्त लागलं ते पुढच्या गुरुवारी.

पुढच्या गुरुवारी सुरेखाताई वाचायला बसल्या. देवळाली कॅम्पला राहतात. माहेर चांदवडकडचं, शिक्षण दहावी, नवरा तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त. नवरा सीमेवर असायचा तेव्हा त्यांना वह्या भरायची सवय लागली. आमची प्रेम-रहस्याची सगळी मालिका त्यांच्या खांद्यावर. मान खाली घालून, कसलाही अभिनय न करता, रेशनकार्डावरची नावं वाचावीत तसं वाचतात. त्यांच्या गोष्टीत एक परिचारिका आणि एक रिक्षावाला रस्त्याने चालले होते. तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तिने तसं सांगितलं नव्हतं. तो काही बोलला नाही. फक्त हळू चालायला लागला, आणि जरा वेळाने म्हणाला, “माझा पाय दुखतोय, बसू या का?”

खोलीत पाचही जणांचे हात थांबले. कल्पनाच्या हातात मेथीची काडी तशीच.

मी टिंब पडताना पाहिलं आणि जळले. त्याला दुसरा शब्द नाही. मत्सर म्हणतात तो हाच. मी मनात म्हटलं, हा काय मोठा विचार झाला? खोटं बोलतोय तो तिच्याशी! तिला चपलेबद्दल सरळ विचारावं ना!

एक गोष्ट मात्र माझ्या श्रेयाची, ती सांगून टाकते. आमच्या कादंबऱ्यांत पूर्वी नायक नायिकेचं मनगट धरून तिला ओढून न्यायचा. तिने नाही म्हटलं की त्याला आणखी जोर चढायचा. मी भाऊंशी भांडले, लेखी भांडले, शेवटी गुरुवारच्या बैठकीत हा मुद्दा ठेवला. निकमकाका म्हणाले, “पण ओढल्याशिवाय हिरो कसला?” त्यावर कल्पना फाडकन म्हणाली, “ओढायला ती काय कांद्याची गोणी आहे, काका?” तेव्हापासून आमच्याकडे मनगट धरणं बंद. ही माझी कमाई आहे आणि मी ती कुणाला देणार नाही.

पण वाईट काय ते काढून टाकलं म्हणजे चांगलं आपोआप येत नाही. मनगट सोडलेल्या माझ्या नायकाला हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं. तो बोलत होता.

दुसरी कादंबरी लिहिताना मी नायक-नायिकेत भांडण घातलं आणि सवयीने पुढच्याच पानावर ते चर्चेने मिटवलं. पुस्तक आल्यावर चांदवडहून एका वाचकाचा फोन आला. कांद्याचे व्यापारी. म्हणाले, “मॅडम, त्यांचं भांडण एवढ्या लवकर नका मिटवू. भांडतात ना, तवा लय भारी वाटतं. नंतर दोघं बी मीटिंगला बसल्यासारखी.” मी त्यांना स्त्री-पुरुष संवादाचं महत्त्व सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या सुरेखाताईंचं नवं कधी येतंय?”

चार वर्षं हे असं चाललं. आणि मी काय करत होते? सुरेखाताईंची हस्तलिखितं तपासत होते. पहिली वाचक मीच. त्यांच्या जोड्या मी उलगडून बघायची, घड्याळ उघडून बघावं तशी. दोघांनाही आपापलं काम असतं आणि ते काम त्यांना येतं. दोघांपैकी एकाला दुसऱ्याबद्दल असं काहीतरी ठाऊक असतं, जे आपण दाखवलंय हे त्या दुसऱ्यालाच ठाऊक नसतं. रहस्यकथेत तर संशय त्या दोघांच्या मधोमध आणून ठेवतात. बाहेर खुनी मोकळा फिरत असतो आणि वाचकाचा जीव मात्र एवढ्यातच अडकलेला असतो, की ही याच्यावर विश्वास ठेवील का. हे सगळं मला कळत होतं. कळून लिहिता येत नव्हतं.

सगळ्यात लाज कशाची वाटली ते सांगते. संघटनेच्या कामात मी किती जोडपी जवळून पाहिली! घर सोडून आलेली, घाबरलेली, नोंदणी कार्यालयाच्या बाकावर बसून डब्यातली शेवटची पोळी तू खा-तू खा म्हणून भांडणारी. सुरेखाताईंना कधी मिळालं नसतं एवढं सोनं माझ्या समोर होतं. मी त्यांच्याकडे आधारकार्ड मागितलं, जन्माचा दाखला मागितला, तीन साक्षीदार आहेत का विचारलं. कोण कुणाकडे कसं बघतंय हे मी पाहिलंच नाही.

आता मूळ गोष्टीवर येते.

गेल्या वर्षी सुरेखाताईंनी नवी कादंबरी दिली. चांदवडजवळच्या एका गावात ट्रक तोलायचा वजनकाटा, तिथे काम करणारा नायक. नायिका पोस्टात कारकून. काट्यावरचा दुसरा माणूस एके दिवशी गायब होतो आणि नायिकेला वाटतं, यानेच काहीतरी केलंय. तेराव्या प्रकरणात ती त्याच्या घरात शिरते, पुरावा शोधायला. वरचा कप्पा उघडून बसलीय आणि तो दारात येऊन उभा राहतो. बघतो. मग म्हणतो, “वरच्यात नुसती बिलं आहेत. खालचा कप्पा अडकतो, जरा उचलून ओढावा लागतो.” आणि आत जाऊन चहा टाकतो.

मी टेबलाशी पेरू खात वाचत होते. फोड हातात तशीच राहिली. किती वेळ, माहीत नाही.

मग राग आला. असा राग, की ही ओळ मला का नाही सुचली, हिला का सुचली, दहावी झालेल्या बाईला. (लिहिताना लाज वाटते, पण हेच शब्द मनात आले. आयुष्यभर मी अशा शब्दांविरुद्ध पत्रकं काढली.) मी पेन्सिल घेतली आणि समासात लिहिलं, ‘पुरुषी औदार्य! नायिका ओशाळते, कनिष्ठ ठरते.’ मत्सराला तत्त्वाचे कपडे घालायला मला अर्धं मिनिट लागलं. पत्रकांची तयारी होती ना.

मग मी ते प्रकरण बदललं. माझ्या दुरुस्तीत नायिका ताठ उभी राहून जाब विचारते आणि नायक दीड पान खुलासा देतो. कुठे होतो, कुणाबरोबर होतो, कशासाठी. सगळा संशय तिथेच मिटला आणि पुढची चार प्रकरणं लटकली. छापण्याआधी मुद्रितं सुरेखाताईंकडे पाठवायची रीत आहे. मी भाऊंना म्हटलं, घाई आहे, मीच बघते. भाऊंनी मान हलवली. माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

पुस्तक पडलं. वाचनालयवाले म्हणाले, अर्ध्यावरून परत येतंय. गुरुवारी कल्पनाने सुरेखाताईंना तोंडावर सांगितलं, “काकू, या वेळी तुमचा हिरो फार बोलला हो.” सुरेखाताईंनी फक्त पिशवी आवरली. मी समोर होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतरच्या दोन गुरुवारी त्या आल्या नाहीत. भाऊंनी मला आत बोलावलं. “बाईंचा हात सैल झाला,” ते म्हणाले. “वय होतं, होतं असं. रहस्याची मालिका आता तू बघ, शीतल. पुढची तूच लिही.”

चार वर्षं मला हेच हवं होतं. मी ‘हो’ म्हटलं. घरी येऊन कोरा कागद घेऊन बसले आणि मला कळलं, की मी चोरी केलीय आणि चोरलेली वस्तू मला चालवतासुद्धा येत नाही. त्यांचं नाव त्या दीड पानाखाली होतं. लोक त्यांना संपलेली म्हणत होते, माझ्या वाक्यांमुळे.

तिसऱ्या दिवशी सकाळी देवळाली कॅम्पची बस पकडली.

सुरेखाताईंनीच दार उघडलं. खुर्चीत हवालदारकाका पेपर वाचत होते. तोफांनी त्यांचा उजवा कान नेलाय. ताई मला बसायला सांगून त्यांना वळसा घालून पलीकडे, डाव्या बाजूच्या वेताच्या मोड्यावर जाऊन बसल्या. न बघता, न ठरवता, पस्तीस वर्षांची सवय. आणि खरं सांगते, माफी मागायला आलेली मी, त्या क्षणीही जळले. हिच्याकडे घरातच हे सगळं आहे!

“ताई, तेरावं प्रकरण मी बदललं.”

“माहितीये. छापलेलं वाचता येतं मला.”

“मग भाऊंना का नाही सांगितलंत?”

“काय सांगू? पुस्तक पडलं की प्रत्येक लेखक मुद्रितं बघणाऱ्याच्या नावाने बोटं मोडतो. भाऊंनी जन्मभर तेच ऐकलंय. मला नाय त्या रांगेत उभं राहायचं.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “का केलंस?”

“मला वाटलं, त्यात पुरुषी औदार्याचा…”

“पत्रक नको वाचू. का केलंस ते सांग.”

“मला तसं जमत नाही म्हणून.”

“काय म्हणतीये ती?” काका मोठ्यांदा म्हणाले.

ताई त्यांच्या कानाशी वाकल्या. “म्हणतीये, तिला जमत नाय.”

“मग शिकव की!”

“आधी मला नीट रागवू द्या. तुम्ही पेपर वाचा हो.”

आणि त्या रागावल्या. आवाज चढला नाही, पण एकेक शब्द तोलून दिला. “माझा माणूस गप्प होता, कारण त्याला कळलं होतं ती घाबरलीय. त्याने खुलासा दिला असता तर तिला तो मानावा लागला असता. त्याने तिला शोधू दिलं. तुला औदार्य दिसलं? तू त्याला बडबड्या केलास, तिला पोलीस केलंस आणि खाली माझं नाव ठेवलंस. तुझं तरी घालायचं होतंस.”

मी म्हटलं, भाऊंना आजच सांगते.

“भाऊंना नाय. गुरुवारी सांग, सगळ्यांसमोर. मला त्या बायकांनी बोल लावलाय.”

त्या गुरुवारी सुरेखाताई आल्या. कोपऱ्यात बसल्या. मी उभी राहिले आणि सांगितलं. मोर्चापुढे हजार माणसांसमोर बोलताना माझा आवाज कधी कापला नाही. पाच माणसांसमोर कापला.

निकमकाका म्हणाले, “म्हणजे तिकीट आम्ही भलत्याच प्रवाशाला फाडलं!” कल्पना सुरेखाताईंकडे वळून म्हणाली, “काकू, चुकलं हो.” पगारेबाई मात्र माझ्याकडेच बघत होत्या. हळू म्हणाल्या, “तू? तू दुसऱ्याचं बोलणं बदललंस? आपल्यातली असून?” बाकी कुणाचंही मला इतकं लागलं नाही. आपलं बोलणं दुसऱ्याने बदलून मांडलं म्हणजे काय होतं, हे आमच्या दोघींच्या घरांत पिढ्यान् पिढ्या माहीत आहे.

भाऊंनी चष्मा काढून पुसला आणि एवढंच म्हणाले, “मूळचं आहे का? वाच.”

मी वाचलं. जेमतेम पान. संपलं तेव्हा मान वर करायचा धीर होईना. मग कल्पनाचा आवाज आला.

“मग? ती खालचा कप्पा उघडते का?”

“उघडत असंल,” निकमकाका म्हणाले.

“नाही उघडणार, काका. मी असते तर नसता उघडला.”

“तू काय, तू गिऱ्हाइकाच्या पर्सचा पण कप्पा उघडशील!”

आणि ते पाचही जण भांडायला लागले, ती उघडेल, नाही उघडणार, उघडला तर त्याला काय वाटेल. भाऊ पेन्सिल शोधत होते. मी कागद धरून उभी होते. माझ्या एकाही जोडीसाठी कुणी असं भांडलेलं नाही.

दुसऱ्या आवृत्तीत तेरावं प्रकरण जसंच्या तसं आहे. पहिल्या पानावर दुरुस्ती कुणी केली होती ते माझ्या नावानिशी छापलंय. तो मजकूर मीच लिहिला, चार ओळी, कारण त्या कामाची मला तयारी आहे. मालिका सुरेखाताईंकडेच राहिली. भाऊंनी विचारलं, मुद्रितं कुणी बघायची? त्या म्हणाल्या, “कुणीही. ही नाय.” त्यांचं बरोबर आहे. तरी मला तो शब्द रोज टोचतो.

शिकवलं का त्यांनी? नाही. काकांनी दोनदा सुचवूनही नाही. आता त्यांचं पुस्तक आलं की मी ते वाचनालयातून आणते, माझा नंबर लागेपर्यंत वाट बघते, आणि वाचताना जळते. मी काही सुधारलेली नाही. फक्त संघटनेच्या कामाला जाते तेव्हा कागदपत्रं मागायच्या आधी जरा वेळ बाकावर शेजारी बसते. परवा एक जोडपं आलं होतं. मुलगी अर्ज भरत होती आणि मुलगा तिच्या पेनाचं टोपण मुठीत धरून बसला होता, हरवू नये म्हणून. मी ते लिहून ठेवलंय. अजून कुणाला वाचून दाखवलेलं नाही.